शंभर ग्रॅम, चार सेकंद आणि न झालेला करार

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये वजन जास्त भरलं म्हणून बाद ठरलेल्या मल्ल विनेश फोगाटचा अर्ज क्रीडा लवाद न्यायालयात दाखल झाला तो ७ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसच्या घड्याळात दुपारचे पावणेपाच वाजले असताना. पन्नास किलो वजनगटाची अंतिम कुस्ती त्याच संध्याकाळी होती. अर्जात तातडीचा अंतरिम आदेश मागितलेला नव्हता. न्यायालयाने नंतर पत्रक काढून सांगितलं की आम्ही झटपट काम करतो हे खरं, पण तासाभरात निकाल देता येत नाही. आधी जागतिक कुस्ती महासंघाचं म्हणणं ऐकावं लागतं. कुस्ती ठरल्या वेळी झाली, आणि विनेशच्या जागी तिच्याचकडून उपांत्य फेरीत हरलेली क्यूबाची मल्ल उतरली. मग विनेशची मागणी बदलली. अंतिम फेरी गेली ती गेली, निदान रौप्यपदक विभागून द्या.

पुढचा आठवडा आपल्याकडे कसा गेला हे सगळ्यांना आठवत असेल. आज निकाल, उद्या निकाल, आता तेराला संध्याकाळी, आता सोळाला. वाहिन्यांवर अर्धा देश वकील झाला होता. आणि सोळा तारीख दिलेली असताना निकाल चौदालाच येऊन आदळला, तोही एका ओळीचा: अर्ज फेटाळला. कारणं देणारं सविस्तर निकालपत्र आणखी पाच दिवसांनी आलं. तोवर लोक पुढच्या विषयाकडे वळले होते.

मला ही निकालपत्रं वाचायची खोड आहे. सुरुवात रुक्ष असते, परिच्छेदांना क्रमांक असतात, पक्षकारांच्या वकिलांची लांबलचक यादी असते. आणि कुठेतरी तिसाव्या-चाळिसाव्या परिच्छेदात अस्सल किस्सा दडलेला असतो. बरीच वाचल्यावर एक गोष्ट लक्षात येते. कुणावर अन्याय झाला, हा प्रश्न तिथे क्वचितच पहिला येतो. आधी विचारतात की नियमात काय लिहिलंय, सही कुणाची आहे आणि घड्याळात किती वाजले होते.

पॅरिसचंच पाहा. विनेशचा खटला नोंदवहीत सतरावा होता. पंधरावा आणि सोळावा होता जिम्नॅस्टिक्सचा, आणि तो वाचला की विनेशचा निकाल जास्त कळतो.

५ ऑगस्टला फ्लोअर एक्सरसाइजची अंतिम फेरी झाली. रोमानियाच्या आना बार्बोसूला १३.७०० गुण मिळाले, ती तिसरी ठरली आणि देशाचा झेंडा घेऊन आनंद साजरा करू लागली. शेवटी उतरलेल्या अमेरिकेच्या जॉर्डन चाइल्सला १३.६६६ मिळाले होते. तिच्या प्रशिक्षिकेने गुणांवर हरकत घेतली, पंचांनी ती मान्य केली, गुण १३.७६६ झाले आणि ब्राँझ चाइल्सकडे गेलं. बार्बोसूच्या हातून झेंडा गळून पडला, ते दृश्य जगाने पाहिलं.

रोमानियाने दाद मागितली. मुद्दा एकच. शेवटच्या खेळाडूच्या बाबतीत हरकत एका मिनिटाच्या आत घ्यायची असते. ही एक मिनिट चार सेकंदांनी घेतली गेली. सुनावणीत जे बाहेर आलं ते मासलेवाईक आहे. एवढ्या मोठ्या स्पर्धेत तो एक मिनिट मोजून 'वेळ संपली' असं तिथल्या तिथे सांगण्याची व्यवस्थाच नव्हती. मैदानात हरकत ज्या व्यक्तीने स्वीकारली ती नक्की कोण, तिचं नाव काय, हेसुद्धा जिम्नॅस्टिक्स महासंघाला लवादापुढे सांगता आलं नाही. आणि खुद्द न्यायालयाची कामगिरी? अमेरिकी पक्षाला पाठवलेल्या नोटिशी चुकीच्या ईमेल पत्त्यांवर जात राहिल्या. त्यांना प्रकरण कळलं ९ तारखेला, सुनावणी झाली १० तारखेला आणि निकालही त्याच दिवशी. हरकत उशिरा आली म्हणून बाद, गुण पुन्हा १३.६६६, ब्राँझ बार्बोसूला. अमेरिकेने मागाहून सांगितलं की हरकत सत्तेचाळिसाव्या सेकंदालाच घेतल्याची चित्रफीत आमच्याकडे आहे. न्यायालय म्हणालं, दिलेला निकाल पुन्हा उघडायची सोय आमच्या नियमांत नाही. ते भांडण मग स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं.

त्या निकालपत्रात एक वाक्य आहे, त्यावर मी बराच वेळ थांबलो होतो. त्याचा आशय असा की केवळ न्यायबुद्धीने निवाडा करण्याची मुभा असती, तर आम्ही तिघींनाही ब्राँझ दिलं असतं. तिसरी म्हणजे रोमानियाचीच सब्रिना व्होइनेआ, तीही १३.७०० वर अडकलेली. म्हणजे काय करणं बरं झालं असतं हे तीन लवादांना दिसत होतं, आणि ते करायला हात मोकळे नव्हते.

विनेशच्या निकालपत्रातही असाच एक क्षण आहे. ६ ऑगस्टच्या सकाळी तिचं वजन पन्नासच्या आत होतं. त्या दिवशी तिने तीन कुस्त्या जिंकल्या, त्यात पहिलीच जपानच्या युई सुसाकीवरची. आंतरराष्ट्रीय आखाड्यात तोवर कुणाकडूनही न हरलेली मल्ल ती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन, आणि काटा शंभर ग्रॅमने वर. कुस्ती महासंघाच्या नियमांतलं अकरावं कलम म्हणतं की पहिल्या किंवा दुसऱ्या वजनाला जो हजर नसेल किंवा त्यात बसणार नाही तो स्पर्धेतून बाद आणि शेवटच्या क्रमांकावर. किती ग्रॅमपर्यंत चालेल, याबद्दल एक अक्षर नाही.

वकिलांनी जे जे मांडता येईल ते मांडलं. पहिला अर्ज पॅरिसच्या वकील मंडळींनी विनामूल्य लढवला. खेळाडूंसाठी तशी सोय ठेवलेली असते. सुनावणीला हरीश साळवे आणि विदुष्पत सिंघानिया उभे राहिले. साळवे नागपूरचे, त्यांचे वडील एन. के. पी. साळवे क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष असताना १९८७ चा विश्वचषक भारतीय उपखंडात आणण्याची खटपट झाली, त्यामुळे खेळातलं राजकारण या घराला नवं नाही. युक्तिवाद असे होते: हे शंभर ग्रॅम म्हणजे पाणी आहे. स्त्रीच्या मासिक चक्रात वजन असं वरखाली होतंच. क्रीडाग्राम आणि आखाडा यांत अंतर फार होतं. पहिल्या दिवशीच्या कुस्त्या तर ती वजनात बसूनच जिंकली होती, मग त्या कशा पुसता?

लवाद एकच होत्या, डॉ. अ‍ॅनाबेल बेनेट. ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयातल्या माजी न्यायाधीश. त्यांनी नियम जसाच्या तसा वाचला. नियम स्पष्ट आहे, सगळ्यांना सारखा आहे, त्यात सूट नाही, आणि वजनात बसण्याची जबाबदारी मल्लाची. पण पुढे त्यांनी हेही लिहिलं की या मल्लाने कोणतंही गैरकृत्य केलेलं नाही आणि दुसऱ्या वजनात नापास होण्याचे परिणाम अतिकठोर आहेत. पहिल्या दिवसाची कमाईसुद्धा जावी का, यावर महासंघाने विचार करायला हरकत नाही, असा त्यांचा सूर. सूर असून उपयोग काय? नियम बदलणं लवादाच्या हातात नाही. आणि याच नियमाच्या पोटातली गंमत बघा: विनेश शेवटची ठरली, पण 'अंतिम फेरी गाठणारीकडून हरलेली' म्हणून सुसाकीला रेपेचाजची, म्हणजे ब्राँझसाठी पुन्हा लढण्याची, संधी मिळाली आणि ती ब्राँझ घेऊन घरी गेली. एकाच दिवशी विनेशने फेरी गाठलीही होती आणि गाठली नव्हतीही.

आता हे दुकान मांडलं कुणी, ते थोडक्यात. क्रीडा लवाद न्यायालय लोझानला १९८४ मध्ये सुरू झालं. कल्पना आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष सामारांच यांची, आणि पहिले अध्यक्ष सेनेगलचे न्यायमूर्ती केबा म्बाये, जे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही होते. १९९६ पासून ऑलिम्पिकच्या गावीच या न्यायालयाचं तात्पुरतं बिऱ्हाड थाटलं जातं. पॅरिसला ते तिथल्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत होतं. फी नाही, चोवीस तासांत निकाल द्यायचा असा नियम, आणि विभागाच्या अध्यक्षांना मुदत वाढवायचा अधिकार. विनेशच्या वेळच्या तारखा अशाच सरकत गेल्या. बिऱ्हाड अटलांटात असो की रिओत, कायद्याच्या नजरेत ते लोझानमध्येच बसलेलं असतं आणि त्याच्यावर अपील करायचं तर स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात, तेही मोजक्या कारणांवर. 'निकाल चुकला' हे त्या कारणांत नाही.

अटलांटातल्या पहिल्याच हंगामात फ्रान्सचा बॉक्सर क्रिस्तोफ मेंडी आला. कमरेखाली ठोसा मारला म्हणून पंचाने त्याला बाद केलं होतं. त्याचं म्हणणं, ठोसा वैध होता, चित्रफीत पाहा. लवादांनी सांगितलं की रिंगणात उभा असलेला पंच आमच्यापेक्षा चांगलं पाहू शकतो, आम्ही त्यात पडणार नाही. तेव्हापासून हा दंडकच झाला. मैदानावरचा निर्णय चुकीचा निघाला तरी लवाद त्याला हात लावत नाही, लाच किंवा द्वेष सिद्ध होत नाही तोवर. माझ्या मते हा दंडक शहाणपणाचा आहे. नाहीतर प्रत्येक पायचीतसाठी लोझानचं तिकीट काढावं लागेल.

पण कागद कधी कधी खेळाडूच्या बाजूनेही पडतो, आणि त्याचा सगळ्यात रंगतदार किस्सा नागानोचा.

१९९८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्डिंग पहिल्यांदाच आलं. पहिलं सुवर्ण कॅनडाच्या रॉस रेबाग्लियातीने जिंकलं आणि लगेच त्याच्या लघवीत गांजाचा अंश सापडला. त्याने सांगितलं की १९९७ च्या एप्रिलमध्येच मी गांजा सोडलाय; निघण्यापूर्वी मित्रांनी निरोपाची पार्टी दिली, तिथे भोवती सगळे ओढत होते, त्यांचा धूर माझ्या नाकात गेला. ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारिणीने तीन विरुद्ध दोन मतांनी पदक काढून घेतलं. जपानी पोलिसांनी त्याला चौकशीला बसवलं ते वेगळंच.

लवादापुढे सगळ्यांना वाटलं की आता धुरावर वाद होणार. किती धूर, किती नॅनोग्रॅम, खोलीची खिडकी उघडी होती का. लवादांनी त्यातलं जवळजवळ काहीच धरून ठेवलं नाही. त्यांनी नियमपुस्तिका उघडली. त्यात लिहिलं होतं की गांजाबद्दल कारवाई करायची तर ऑलिम्पिक समिती आणि त्या खेळाचा महासंघ यांच्यात तसा करार हवा. करार दाखवा. करार नव्हता. स्की महासंघाशी तो कधी झालाच नव्हता. मग कारवाई कशाच्या आधारावर? सुवर्णपदक परत. निकालपत्रात लवादांनी बजावून ठेवलं की गांजाचं सेवन ही समाजासाठी गंभीर बाब आहे, पण आम्ही काही फौजदारी न्यायालय नाही. धूर पार्टीचा होता की स्वतःच्या चिलमीचा, हे ठरवायची वेळच आली नाही.

याच्या अगदी उलट टोकाला सिडनी, २००० साल. रोमानियाची सोळा वर्षांची जिम्नॅस्ट आंद्रेया रदुकान सर्दीने बेजार. संघाच्या डॉक्टरने तिला औषधाच्या दुकानात मिळते तशी साधी गोळी दिली. तिच्यात स्यूडोएफेड्रिन होतं आणि ते त्या वेळी बंदी असलेल्या यादीत होतं. तिने फसवलं असं लवादांचंही मत नव्हतं. तरीही वैयक्तिक सर्वसाधारण सुवर्ण गेलं. शरीरात सापडलं म्हणजे जबाबदारी तुमची, देणारा कुणीही असो. याच नियमाचा पुढचा तडाखा महाराष्ट्राने जवळून पाहिला.

नरसिंग यादव. २०११, २०१२, २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षक. २०१५ मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवून त्याने ७४ किलो वजनगटात भारताची रिओची जागा पक्की केली. त्याच गटात ऑलिम्पिक पदकविजेता मल्ल सुशील कुमार. सुशीलची मागणी, आमची निवड चाचणी घ्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि जून २०१६ मध्ये न्यायालयाने चाचणीची मागणी फेटाळली. नरसिंगने एक न्यायालयीन कुस्ती जिंकली होती.

२५ जूनला सोनीपतच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात घेतलेल्या त्याच्या नमुन्यात मेथान्डिएनोन हे स्टेरॉइड निघालं. ५ जुलैच्या नमुन्यातही. नरसिंग म्हणाला, घातपात आहे. माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं. तालमीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट अशक्य वाटत नाही. खुराक एकत्र शिजतो, थंडाई एका भांड्यात घोटली जाते, दाराला कुलूप नसतं आणि इर्षा मात्र भरपूर असते. भारतातल्या उत्तेजकविरोधी यंत्रणेच्या शिस्तपालन समितीला ते पटलं. १ ऑगस्टला तिने त्याला निर्दोष ठरवलं आणि तो रिओला गेला.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेला, म्हणजे वाडाला, ते पटलं नाही. तिने रिओतल्या तात्पुरत्या लवाद विभागात अपील केलं. १८ ऑगस्टला सुमारे चार तास सुनावणी झाली. नरसिंगची कुस्ती दुसऱ्या दिवशी.

भारतात चर्चा चालली होती ती 'कुणी मिसळलं' याची. नावं घेतली जात होती, पोलीस तक्रार झाली होती. रिओतल्या त्या खोलीत मात्र प्रश्न 'किती सापडलं' हा होता. माँट्रियलच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख क्रिस्टियान आयोत या उत्तेजकांच्या परीक्षणातल्या जगभर नावाजलेल्या तज्ज्ञ. त्यांचं मत असं की पहिल्या नमुन्यातलं प्रमाण एवढं जास्त आहे की पाण्यात किंवा पेयात भुकटी मिसळून ते येणार नाही. एक-दोन गोळ्या पोटात गेल्याशिवाय हा आकडा दिसत नाही. भारतातल्या समितीपुढे असा आकड्यांचा हिशेब उभा राहिला नव्हता. आणि ओझं होतं नरसिंगवर: पदार्थ शरीरात कसा आला हे त्यानेच, शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकेल इतपत तरी, दाखवायचं. लवादांनी म्हटलं, घातपात शक्य आहे, पण संभवनीय नाही, आणि त्याला खऱ्या पुराव्याचा आधार तर नाहीच. चार वर्षं बंदी, आजपासून. कुस्तीच्या आदल्या संध्याकाळी.

मला या प्रकरणात खटकतं ते घाई. चार वर्षांची बंदी म्हणजे मल्लाची अर्धी कारकीर्द, आणि तिचा निवाडा चार तासांत. तात्पुरता विभाग कल्पिला गेला तो कुणाला उतरू द्यायचं, कुणाला नाही, असल्या निकडीच्या प्रश्नांसाठी. उद्याची कुस्ती थांबवून बाकीचा हिशेब लोझानला महिन्याभराने सावकाश करता आला असता. प्रतिवादीला स्वतःचा शास्त्रज्ञ उभा करायला उसंत मिळाली असती. निकाल कदाचित तोच लागला असता. पण निदान लढत बरोबरीची दिसली असती.

तशी लढत द्युती चंदला मिळाली. ओडिशातल्या विणकर घरातली ही धावपटू २०१४ मध्ये अठरा वर्षांची होती. राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर तिला सांगण्यात आलं की तुझ्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नैसर्गिकरीत्याच जास्त आहे, महिलांत धावता येणार नाही. औषधं घे, नाहीतर थांब. तिने तिसराच मार्ग धरला आणि थेट नियमालाच आव्हान दिलं. कॅनडाचे वकील जेम्स बंटिंग यांनी तिचा खटला विनामूल्य लढवला. मार्च २०१५ मध्ये लोझानला चार दिवस सुनावणी चालली. संप्रेरकतज्ज्ञ आले, संख्याशास्त्रज्ञ आले, अ‍ॅथलेटिक्स महासंघाच्या बाजूने मॅरेथॉनची तेव्हाची विश्वविक्रमवीर पॉला रॅडक्लिफनेही साक्ष दिली.

निकाल वाचताना जाणवतं की लवादांनी महासंघाला एकच साधा प्रश्न विचारला. पुरुष आणि स्त्रिया यांच्या कामगिरीत दहा-बारा टक्क्यांचं अंतर असतं, म्हणून दोन गट, ठीक. मग जास्त टेस्टोस्टेरॉन असलेल्या स्त्रीला इतर स्त्रियांपेक्षा नेमका किती फायदा होतो, तो आकडा द्या. आकडा नव्हता. नागानोत करार नव्हता, इथे आकडा नव्हता. जुलै २०१५ मध्ये नियम दोन वर्षांसाठी स्थगित झाला: पुरावा आणा, नाहीतर नियम रद्द. द्युती रिओला शंभर मीटर धावली. महासंघाने पुढे नवा नियम आणला तो चारशे मीटर ते एक मैल या शर्यतींपुरता. शंभर-दोनशेवाली द्युती त्यातून सुटली आणि दक्षिण आफ्रिकेची आठशेवाली कॅस्टर सेमेन्या अडकली.

द्युतीच्या तीन लवादांच्या अध्यक्ष कोण होत्या? त्याच अ‍ॅनाबेल बेनेट. कायद्याबरोबर जीवरसायनशास्त्रातली डॉक्टरेट असलेल्या. विनेशच्या वेळी आपल्याकडे 'कोण ही ऑस्ट्रेलियन बाई' असं बरंच बोललं गेलं. पण हिनेच नऊ वर्षांपूर्वी एका भारतीय मुलीसाठी जागतिक महासंघाचा नियम थांबवला होता, हे फारसं कुणी सांगितलं नाही. २०१९ मध्ये सेमेन्याच्या खटल्यातही अध्यक्ष त्याच. तिथे दोन विरुद्ध एक मतांनी नियम टिकला. भेदभाव आहे, पण आवश्यक आहे, असं ठरलं. आणि या दोन्ही खटल्यांत त्यांच्या शेजारी स्वित्झर्लंडचे हान्स नेटर बसले होते. लवादांची यादी चारशेच्या वर आहे, पण मोठ्या खटल्यांत फिरून फिरून तीच नावं भेटतात. वकिली करणारे लवाद होतात, लवाद या न्यायालयाबाहेरच्या खटल्यांत वकील असतात. चाइल्सच्या खटल्यातल्या अध्यक्षांनी दुसऱ्या प्रकरणांत रोमानिया सरकारचं वकीलपत्र घेतलेलं होतं, यावरून अमेरिकेत मोठा गदारोळ झाला.

हे न्यायालय स्वतंत्र आहे का, ही शंका जुनी आहे, आणि ती पहिल्यांदा नेटाने लढवली एका घोडेस्वाराने. जर्मनीचे एल्मार गुंडेल यांच्या घोड्याच्या शरीरात बंदी असलेलं औषध निघालं. ते प्रकरण लोझानहून स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९३ मध्ये त्या न्यायालयाने गुंडेल यांना हरवलं, पण जाता जाता शेरा मारला: याचा खर्च ऑलिम्पिक समिती करते, नियम ती बदलू शकते, सदस्य ती नेमते, उद्या खटल्यात समितीच पक्षकार असली तर कसं व्हायचं? वर्षभरात सगळी घडी बदलली आणि न्यायालयाचा कारभार १९९४ मध्ये एका वेगळ्या मंडळाकडे गेला. एका घोड्याने एवढं केलं. अर्थात त्या मंडळाचं अध्यक्षपद पुढे जॉन कोट्स यांनी वर्षानुवर्षं भूषवलं आणि ते ऑलिम्पिक समितीचे उपाध्यक्षही होते. शंका पूर्ण मिटणार कशी?

दुसरी झुंज क्लाउडिया पेचश्टाइनची. जर्मनीची ही स्पीड स्केटर, पाच ऑलिम्पिक सुवर्णं. २००९ मध्ये रक्ताच्या आकड्यांवरून दोन वर्षं बंदी. कोणताही पदार्थ सापडला नव्हता. तिचं म्हणणं, लवादाकडेच जाईन असं मी कुठे राजीखुशीने कबूल केलं? स्पर्धेच्या अर्जावर ते कलम छापलेलं असतं. सही केली नाही तर बर्फावर पाऊलच ठेवू देत नाहीत. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २०१८ मध्ये मानलं की तिला खरोखर पर्याय नव्हता. तरी लवाद पुरेसे स्वतंत्र आहेत असंही मानलं. चूक एकच धरली: तिने खुली सुनावणी मागितली होती, ती द्यायला हवी होती. भरपाई आठ हजार युरो.

या निकालाच्या सावलीतच चिनी जलतरणपटू सुन यांगने खुली सुनावणी मागितली. नोव्हेंबर २०१९, माँत्र्यूचं आलिशान हॉटेल, कॅमेरे सुरू. आरोप असा की सप्टेंबर २०१८ च्या एका रात्री नमुने घ्यायला तिघेजण त्याच्या घरी आले; त्यांच्यापैकी सगळ्यांकडे पुरेशी ओळखपत्रं नाहीत म्हणून वाद पेटला, आणि शेवटी रक्ताची कुपी जिच्यात होती ती पेटी हातोड्याने फोडली गेली. न्यायालयाच्या इतिहासातली ही अवघी दुसरी खुली सुनावणी. आणि सुरू होताच भाषांतर कोसळलं. प्रश्न एक, उत्तर भलतंच. दुभाषे बदलावे लागले. अखेरीस उभयपक्षी संमतीने वाडाचीच एक कर्मचारी भाषांतराला बसली. शेवटच्या निवेदनाच्या वेळी सुन यांगने प्रेक्षकांतल्या एका माणसाला हाताने बोलावलं आणि तो येऊन थेट माइकपाशी बसला. अध्यक्ष फ्रँको फ्राटिनी, इटलीचे माजी परराष्ट्रमंत्री, चक्रावले. हा कोण? यादीत नाव आहे का? इथे कुणीही उठून असं येऊ शकत नाही, अशी कानउघाडणी झाली. बंद दाराआड हे घडलं असतं तर आपल्याला कधी कळलंही नसतं.

आठ वर्षांची बंदी लागली. आणि मग चित्र पालटलं, पण हातोड्यामुळे नाही, ओळखपत्रामुळे नाही, भाषांतरामुळेही नाही. फ्राटिनी प्राणिप्रेमी होते. चीनमध्ये कुत्र्याचं मांस खाण्याविरुद्ध त्यांनी खटल्याच्या आगेमागे ट्वीट केले होते, आणि संतापाच्या भरात त्यांत चिनी माणसांच्या कातडीच्या रंगाचा उल्लेख आला होता. ते ट्वीट शोधून काढले गेले. डिसेंबर २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्द केला. कुत्र्यांची कणव करा, पण असली भाषा वापरणारा लवाद तटस्थ दिसत नाही.

नवे लवाद बसले, अध्यक्ष हान्स नेटर. या वेळी सुनावणी व्हिडिओवरून झाली. दरम्यान उत्तेजकविरोधी संहिता बदलून शिक्षा ठरवताना थोडी सवलत देता येऊ लागली होती. जून २०२१ मध्ये आठ वर्षांची चार वर्षं तीन महिने झाली, फेब्रुवारी २०२० पासून मोजून. टोकियो हातचं गेलंच. बंदी संपली मे २०२४ मध्ये, पॅरिस ऑलिम्पिकच्या दोन महिने आधी. चीनची निवड चाचणी एप्रिलमध्येच उरकली होती.